अध्यक्षांच्या केसांचं वर्णन

वाचनालयाची वेबसाईट सेक्रेटरींनी स्वतः, एकट्याने, कुणाचीही मदत न घेता केली होती, आणि हे पाहणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नसे. पिवळसर पार्श्वभूमीवर फिकट गुलाबी अक्षरं. डावीकडून उजवीकडे धावत सुटलेलं स्वागत. प्रत्येक परिच्छेदाखाली नक्षीची एक रेघ. रंग बायकोने निवडले असं ते चारचौघांत सांगत. बायकोचं म्हणणं, मी पडद्याचं कापड निवडत होते, हे मध्येच येऊन डोकावून गेले.

पाणीखात्यातून निवृत्त झाल्यापासून ते सेक्रेटरी होते, तेही दरवर्षी बिनविरोध. गल्लीत, दुकानात, एवढंच काय, दाढी करताना न्हावीसुद्धा 'सेक्रेटरी, मान जरा वर' म्हणे. त्यांना 'छोट्या' म्हणणारं जगात एकच माणूस शिल्लक होतं, ते म्हणजे त्यांची थोरली बहीण. ताईने तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. सहा वर्षांपूर्वी तिची नजर गेली. तेव्हापासून तिच्याकडे बोलका फोन असतो. पडद्यावर बोट फिरवायचं, बोटाखाली जे असेल ते फोन वाचून दाखवतो. त्यावर ती बातम्या ऐकते, हवामान ऐकते आणि नकाशे चुकीचे आहेत अशी पत्रं पाठवते.

तर एका सकाळी ताई भावाकडे आली, जेवणाच्या टेबलाशी बसली आणि म्हणाली, "छोट्या, तुझी वेबसाईट उघडतेय."

सेक्रेटरी खुर्ची ओढून शेजारी बसले. कौतुक ऐकायला माणूस जसा बसतो, तसे.

फोन म्हणाला, "चित्र. चित्र. चित्र. बटण. बटण. चित्र. बटण. चित्र."

"अरे, हे वाचनालय आहे की शिंप्याचं दुकान?" ताई म्हणाली.

स्वयंपाकघरातून बायकोचं हसू ऐकू आलं. सेक्रेटरींनी घसा साफ केला. "ताई, तुझ्या फोनचं काहीतरी बिघडलंय."

"फोन बरा आहे. तू चित्रात काय आहे ते लिहिलेलं नाहीस. बटणाला नाव दिलेलं नाहीस. तो बिचारा काय वाचणार? मला कार्यकारिणीचा अर्ज भरायचाय."

आता इथे खरी अडचण होती. कार्यकारिणीसाठी अर्ज फक्त वेबसाईटवरून, फक्त वार्षिक सभेच्या दिवशी, अकरा ते बारा. कागदावर घेतला जाणार नाही, उशिरा आला तर घेतला जाणार नाही. हा नियम सेक्रेटरींनीच टेबलावर मूठ आपटून मंजूर करून घेतला होता. सभा होती पंधरा दिवसांनी.

"एवढंच ना?" ते म्हणाले. "मी भरतो की तुझा अर्ज. दोन मिनिटांचं काम."

"मग निवडून आल्यावर खुर्चीतही तूच बस."

"तसं नाही गं..."

"तसंच आहे." ताईने फोन उलटा ठेवला. "सहा वर्षं झाली, छोट्या. माझा प्रत्येक अर्ज दुसरं कुणीतरी भरतं. परवा दवाखान्यात त्या नर्सने माझ्यासमोर सुनेला विचारलं, 'या चहा घेतात का?' अरे, मी तिथेच बसलेय! माझं तोंड गेलं नाहीये. हा एक अर्ज मी भरणार. कुणाला न विचारता, कुणाचा हात न धरता. तुझी वेबसाईट तेवढं करू देणार आहे का नाही, सांग."

ताईचा आवाज शेवटी जरा हलला. सेक्रेटरींनी तिला असं शेवटचं कधी ऐकलं होतं ते त्यांना आठवेना. "पंधरा दिवसांत करतो," ते म्हणाले. ताई वाचनालयासाठी पुस्तकं निवडायला सदस्य म्हणून येणार असेल, असं त्यांनी मनाशी धरलं. कोणत्या पदासाठी अर्ज भरणार, हे त्यांनी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी चंगच बांधला. आणि माणूस काही करायला लागला की सल्ला द्यायला वरचा मजला असतोच. वरच्या मजल्यावर निवृत्त बँकवाले राहत. ते खाली आले, त्यांनी वेबसाईट पाहिली आणि म्हणाले, "सोपं आहे. अक्षरं मोठी करा."

"बँकवाले, ताईला दिसत नाही."

"म्हणूनच म्हणतो, चांगली मोठी करा."

सेक्रेटरींनी केली. पडद्यावर 'वाचनालय' या शब्दातलं फक्त 'वा' मावलं. ते पाहून बँकवाले म्हणाले, "वा." सेक्रेटरींनी अक्षरं पुन्हा लहान केली. मग बँकवाल्यांनी सुचवलं की वेबसाईटच बोलती करा, उघडली की आपोआप स्वागत झालं पाहिजे. तेही केलं. आता एकीकडे वेबसाईट सनईच्या आवाजात "स्वागत असो" म्हणत होती, दुसरीकडे ताईचा फोन "बटण, बटण" म्हणत होता, आणि दोघंही एकमेकांचं ऐकून घ्यायला तयार नव्हते. ताईने कानात बोटं घातली. सनई गेली.

मग रंगांची परीक्षा झाली. अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्यात पुरेसा फरक आहे का, हे तपासणारी एक सोय असते. तिच्यात पिवळा आणि गुलाबी घातला तर ती म्हणाली, नापास. सेक्रेटरी आयुष्यात चित्रकला सोडून कशातच नापास झाले नव्हते. त्यांनी पाच वेळा पुन्हा तपासलं. पाचही वेळा नापास. शेवटी पांढऱ्यावर काळी अक्षरं केली आणि दिवसभर कुणाशी बोलले नाहीत. "आता निदान मला वाचता तरी येतं," बायको म्हणाली. तिने ही वेबसाईट आजवर कधीच वाचली नव्हती, हे त्यांना त्या दिवशी समजलं.

एवढ्यावर थांबले असते तर ते सेक्रेटरी कसले! त्यांना प्रमाणपत्र हवं होतं. फ्रेम करून कपाटावर लावायला. म्हणून ते सरकारी सुलभता कक्षात गेले. सुलभता कक्ष चौथ्या मजल्यावर होता. लिफ्टवर 'दुरुस्तीसाठी बंद' अशी पाटी होती, आणि तिच्यावरची धूळ बघता ती पाटीसुद्धा दुरुस्तीला आली होती. धापा टाकत पोचल्यावर कारकुनाने मान वर न करता विचारलं, "वेबसाईट आणलीय का?"

"आणलीय म्हणजे? ती इंटरनेटवर आहे."

"इथे इंटरनेट नाही. प्रिंट काढून आणा. तीन प्रती. दृष्टिहीनांसाठी आहे ना? मग आवाजाचीही एक जोडा."

"आवाजाची प्रिंट?"

"नाही निघत? मग लिहून आणा काय काय ऐकू येतं ते. आणि वेबसाईटची लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये."

सेक्रेटरी चार मजले उतरले. तीस वर्षं सरकारी नोकरी केलेला माणूस, पण समोरच्या बाजूने कारकुनाची खिडकी कशी दिसते ते त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. आपणही एका म्हाताऱ्याकडून नळाचं रेखाचित्र तीन रंगांत मागितलं होतं, हे आठवून त्यांना थोडी लाज वाटली. फार नाही, थोडी.

राहिली चित्रं. प्रत्येक चित्राच्या मागे दोन शब्दांचं वर्णन लिहायचं, ते पडद्यावर कुणाला दिसत नाही, फक्त बोलका फोन वाचतो. सेक्रेटरींनी पहिल्या फोटोमागे लिहिलं, 'अध्यक्षांचा फोटो.' ताईने ऐकलं.

"हे काय? कसे दिसतात ते सांग ना."

आणि इथे घोटाळा झाला. खोटं कशाला बोला, सेक्रेटरींना तरुणपणापासून लेखक व्हायचं होतं. पाणीखात्यात चाळीस ओळींच्या वर लिहायची संधी मिळाली नाही, आणि त्या चाळीस ओळीही गळतीवर. आता समोर वाचनालयाचे बावीस फोटो, आणि लिहिलेलं कुणाला दिसणार नाही याची खात्री. माणूस सुटलाच. सकाळी सातला बसायचे ते दुपारी जेवायला हाक मारेपर्यंत. बाह्या वर, चष्मा नाकावर, मधूनच स्वतःशी हसायचे. फोटोतली माणसं संपली तेव्हा ते नक्षीच्या रेघांकडे वळले. 'ही नक्षीची रेघ. हिला आगापिछा नाही. आपल्याही आयुष्यात अशा कित्येक रेघा येतात...' असं दीड पान. वेबसाईटवर अशा चौदा रेघा होत्या, आणि प्रत्येक रेघेवर त्यांना वेगळं काहीतरी सुचलं.

ताई ऐकायला बसली. वीस मिनिटं झाली तरी दुसरीच रेघ चालू होती.

"छोट्या," ती म्हणाली, "अर्जापर्यंत पोचेपर्यंत मी थकून झोपेन रे. रेघा काढ. ज्याला काही अर्थ नाही त्याच्यावर फोनने गप्प बसायचं असतं."

"नवव्या रेघेवर मी दोन सकाळी घालवल्यात!"

"मग ती तुझ्या वहीत ठेव."

सेक्रेटरींना ते फार लागलं. चहा न पिताच उठले. तेवढ्यात ताई म्हणाली, "माणसांची वर्णनं मात्र राहू दे. एकही शब्द काढू नकोस."

"का?"

"कुणी कसं दिसतं विचारलं की सगळे मला 'छान आहेत' म्हणून सांगतात. सहा वर्षं सगळं जग छान आहे. कंटाळा आलाय मला. परवा तुझे अध्यक्ष ऐकले आणि मला ते दिसले. खरंच दिसले." ती हसता हसता डोळे पुसत होती. सेक्रेटरींनी चहा परत मागवला.

मग अर्ज. अर्जातल्या चौकटींना नावंच नव्हती. फोन नुसतं "रिकामी चौकट, रिकामी चौकट" म्हणे, आणि ताईने पहिल्या खेपेला नावाच्या जागी वय आणि वयाच्या जागी पत्ता लिहिला. चौकटींना नावं दिली. दोन मिनिटांत भरला नाही तर अर्ज आपोआप कोरा होत असे. "आमच्या बँकेत असंच असतं," म्हणून ही सोय बँकवाल्यांनी करून घेतली होती. ती काढली. शेवटी उरलं 'आपण माणूस आहात हे सिद्ध करा.' एका चित्रात वेडीवाकडी अक्षरं, ती ओळखून लिहायची. ती अध्यक्षांना चार वर्षांत एकदाही वाचता आली नव्हती. सेक्रेटरींनी हे चित्र एकदाच काढलं होतं, त्यामुळे ते कधी बदलत नसे. आणि आता नियमाप्रमाणे त्यांनी त्याच्याही मागे वर्णन लिहिलं: 'वाकडी अक्षरं. यात खपठ सात असं लिहिलंय.'

"बरं झालं," ताई म्हणाली. "मी माणूस आहे हे एका फटक्यात सिद्ध होतंय. पुढचं माझं मी बघते."

सभेचा दिवस उजाडला. वाचनालयाचा वरचा हॉल भरला होता, कारण सभेनंतर चहा-बिस्किटं असत. व्यासपीठावर अध्यक्ष. ते दातांचे डॉक्टर होते आणि हसताना त्याची जाहिरातही करून घेत. शेजारी ग्रंथपाल बाई. पहिल्या रांगेत बँकवाले, सेक्रेटरींची बायको आणि ताई. सेक्रेटरींचा स्वतःचा अर्ज अजून भरायचा होता. तो ते दरवर्षी बारा वाजायला पाच कमी असताना भरत. घाई करायला काही कारणच नसे.

अकरा वाजून गेले आणि सेक्रेटरी बोलायला उभे राहिले. आपण वेबसाईट सर्वांसाठी कशी खुली केली ते त्यांनी अर्धा तास सांगितलं. शेवटी ते म्हणाले, "आणि आता माझ्या भगिनी इथेच, आपल्यासमोर, स्वतःचा अर्ज स्वतः भरून दाखवतील." टाळ्या पडल्या. मागच्या लोकांनाही ऐकू यावं म्हणून त्यांनी ताईचा फोन स्वतःच्या हाताने हॉलच्या लाऊडस्पीकरला जोडला. हो, स्वतःच्याच हाताने.

"छोट्या, नको जोडूस," ताई हळूच म्हणाली.

"लाजू नकोस गं!"

ताईने बोट टेकवलं. फोनमधली बाई बोलायला लागली. त्या बाईला ना राग ना लोभ, ती आपली सरळ सुरात वाचते.

"चित्र. अध्यक्ष, खुर्चीत. डाव्या कानावरचे केस टकलावरून लांबचा प्रवास करून उजव्या कानाशी पोचलेले, वाटेत दोन ठिकाणी विरळ. हसू पूर्ण, पण नजर घड्याळाकडे. हातातला पुष्पगुच्छ स्वतःच आणलेला."

अध्यक्षांचा हात नकळत डोक्याकडे गेला आणि उजव्या कानाशी थांबला. तेवढ्यात मागून कुणीतरी फिस्सकन हसलं.

"चित्र. ग्रंथपाल बाई कपाटापाशी. हातातलं पुस्तक उलटं. चेहऱ्यावर वाचनात गढून गेल्याचा भाव."

"अगंबाई!" ग्रंथपाल बाई ओरडल्या.

"चित्र. उद्घाटन. डावीकडून तिसरे बँकवाले. यांना कुणी बोलावलं होतं ते अद्याप समजलेलं नाही."

"सेक्रेटरी!" बँकवाले उभे राहिले. "मी! ज्याने तुम्हाला अक्षरं मोठी करायला सांगितली!"

"बंद करा ते!" अध्यक्षांनी टेबलावर हात आपटला.

"मध्ये बंद केलं तर पुन्हा पहिल्यापासून वाचतं हो," ताई नम्रपणे म्हणाली.

"पहिल्यापासून नको!" अध्यक्ष ओरडले.

फोन पुढे चालूच. "चित्र. सेक्रेटरी. भारदस्त, प्रसन्न, वयाच्या मानाने कमालीचे तरुण." यावर मात्र हॉल असा हसला की खिडकीवरची कबुतरं उडाली. सगळ्यात मोठ्याने बायको हसत होती. लोक उठून उभे राहिले होते, "माझं पण आहे का हो?" "सहलीचा फोटो लावा!" असा गलका चालला होता. सेक्रेटरी वायर उपटायला धावले, अध्यक्ष त्यांच्या अंगावर धावले, त्या झटापटीत सेक्रेटरींचा चष्मा नाकावरून सुटला आणि अध्यक्षांच्या बुटाखाली कर्रकन वाजला. वायर काही सुटली नाही.

या सगळ्यात ताई एकटी शांत होती. तिचं बोट अर्जापर्यंत पोचलं होतं. लाऊडस्पीकरवरून आवाज आला, "नाव." तिने लिहिलं. "वय." लिहिलं. "पद." तिने लिहिलं, आणि फोनने ते सबंध हॉलला वाचून दाखवलं.

"सेक्रेटरी."

गलका थांबला. लोक ताईकडे बघत होते, मग सेक्रेटरींकडे. सेक्रेटरींना लोक धूसर दिसत होते, पण बघतायत एवढं कळत होतं.

"वाकडी अक्षरं. यात खपठ सात असं लिहिलंय," फोन म्हणाला. "अरे, ते खपठ आहे होय!" अध्यक्ष पुटपुटले. ताईने तेच टाकलं, आणि मग फोन म्हणाला, "अर्ज मिळाला. धन्यवाद."

ताईने फोन छातीशी धरला. "भरला," ती म्हणाली, कुणालाच उद्देशून नाही. "माझा मी भरला."

घड्याळात बाराला चार कमी होते. सेक्रेटरींनी खिशातून आपला फोन काढला. डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, खिडकीच्या उजेडात नेला. पडद्यावर काळ्या मुंग्यांशिवाय काही नव्हतं. त्यांनी अंदाजाने एक बटण दाबलं तर सहलीचा फोटो उघडला. दुसरं दाबलं तर न्हाव्याला फोन लागला. बोलकी सोय त्यांच्याही फोनमध्ये होती, पण ती सुरू कशी करतात ते त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. ती ताईसाठी होती ना!

"द्या इकडे," बायको शेजारी येऊन म्हणाली. "मी भरते. दोन मिनिटांचं काम."

"नको," सेक्रेटरी म्हणाले. "मी भरतो माझा." आणि हे वाक्य आपण आधी कुणाच्या तोंडून ऐकलंय, ते त्यांना नीट कळलं आणि अजिबात आवडलं नाही.

बाराचे ठोके पडले. अध्यक्षांनी नियमावली उघडली. एरवी त्यांना नियम सापडत नसे, आज पहिल्या झटक्यात सापडला. सेक्रेटरीपदासाठी एकच अर्ज, मुदत संपली, सबब बिनविरोध. टाळ्या बऱ्याच वेळ चालल्या. बँकवाले तर उभे राहून वाजवत होते.

चहा-बिस्किटांकडे गर्दी वळली तेव्हा माजी सेक्रेटरी ताईशेजारच्या खुर्चीत येऊन बसले.

"रागावलास?" ताईने विचारलं.

"हो."

"फार?"

"फार. आधी सांगायचंस तरी. पंधरा दिवस माझ्या टेबलाशी बसून माझ्याच चहाचे घोट घेत होतीस."

"आधी सांगितलं असतं तर वेबसाईट नीट केली असतीस?"

तो पटकन 'हो' म्हणणार होता. तोंड उघडलंही होतं. पण बहिणीला लहानपणापासून त्याचा खोटा आवाज ओळखू येई.

"रंग बदलले असते," तो शेवटी म्हणाला. "बाकीचं... वेळ नाही मिळाला असं सांगितलं असतं."

"तेवढ्यासाठीच नाही सांगितलं." ताई उठली. "चल घरी. इथे थांबलास तर अध्यक्ष उरलेले दात काढतील तुझे."

दोघं जिन्याच्या तोंडाशी आली. एरवी इथे तो तिचा दंड धरून 'सांभाळून हं' म्हणत असे. आज तो पायरीच्या काठावर नुसता उभा राहिला. खाली सगळं एकसारखं करडं दिसत होतं, पायरी कुठली नि सावली कुठली काही कळेना.

"दिसतंय का रे?"

"नाही."

"धर माझा हात," नवी सेक्रेटरी म्हणाली. "अकरा आहेत. शेवटची जरा उंच आहे, तिथे सांगते मी."

त्याने हात धरला. ताई मोठ्याने मोजत पुढे, तो मागे, असे ते दोघं खाली उतरले.